आवाज पोचेल इतकं अंतर

ओयारसूनच्या दुकानात
गळ आणि गमबुटांच्या मागे
एकाच साखळीत ओवलेल्या बंदुका.
रिओ ग्रांदेपर्यंत नव्वद किलोमीटर आलेय मी,
सगळी वाट वारा गाडीचं दार ओढत होता.
तो विचारतो, "कोल्हे का, नेलिदाबाई?"
मी म्हणते, कुत्रे.
येर्बाचा पेला तो खाली ठेवतो.

पहिली काढली ती बावीसची.
इतकी हलकी, की लाटणंच वाटावं.
"हिनं ससा मरतो," तो म्हणाला, "कुत्रा नुसता चिडतो."
चिडायची गरज त्यांना तशीही नाही.
गेल्या हिवाळ्यात एकशे बारा मेंढ्या,
खाल्ल्या चार.
बाकीच्या फोडून ठेवल्या
न वाचता टाकलेल्या पत्रांसारख्या.

दुसरी दुर्बिणीवाली.
"चारशे मीटर. चुलीपासून उठायलासुद्धा नको."
मी डोळा लावला.
रस्त्यापलीकडची बेकरी एकदम अंगावर आली,
पाटीवरचा गंज, दाराची फुटकी काच,
आणि पायरीवर झोपलेली पिवळी कुत्री.
कुणाची तरी असेल. किंवा होती.
टीव्ही जोडायचे कारखाने बंद पडले की
माणसं बिऱ्हाड आवरून उत्तरेला जातात,
विमानात कुत्र्याचं तिकीट माणसाइतकंच महाग.
दार उघडं ठेवून जातात, एवढी दया करतात.
मी बंदूक खाली घेतली.

तिसरी दुनळी, बारा बोअरची.
"तीस-पस्तीस पावलं, त्यापुढे देवाचं नाव.
आणि खांद्याला लाथ घालते."
माझा उजवा खांदा
गोठलेल्या ओढ्यावर घोड्याखाली सापडला होता, त्याला ठाऊक आहे.
बोळकीच्या डॉक्टरपर्यंत त्यानंच नेलं होतं मला,
मागच्या ट्रकात, लोकरीच्या गठ्ठ्यांवर.

मी त्याला सगळं सांगितलं.
टिसॉनचा कान फाटला ते.
नातू लाउतारो शाळेच्या गाडीसाठी
फाटकापर्यंत एकटा जात नाही ते.
एक सोडून सगळं.

ती संध्याकाळ. सात होते.
भुंकत नव्हते. भुंकणारा कुत्रा
अजून माणसाशी बोलत असतो.
माझ्या हातात तार पिळायची पक्कड,
कुंपण वीस पावलं मागे.
तोंडातून शब्द गेला तो गेलाच,
टिसॉनवर ओरडते तसा:
बस!
सहांच्या कानावरची माशी हलली नाही.
सातवा, छातीवर पांढरा ठिपका असलेला,
त्यानं मागचे पाय वाकवले.
अर्धेच.
मग इतरांकडे पाहिलं
आणि पुन्हा उभा राहिला, शरमल्यासारखा.
तेही त्याच्याकडे पाहत राहिले.
तेवढ्यात मी कुंपण ओलांडलं.

"दुर्बिणीचीच न्या," ओयारसून म्हणतो,
"लांबून काही कळतसुद्धा नाही."
तेच तर.
मी दुनळीवर बोट ठेवते.
"आणि खांदा?"
ही स्वस्त आहे, मी म्हणते.
तो कार्डावरचा नंबर उतरवतो,
वहीत कारणाच्या रकान्यात लिहितो: कुत्रे.
काडतुसांचे दोन डबे. पैसे दिले, सुटे तोच ठेवून घे म्हटलं,
त्याला ते आवडलं नाही.

घरी जाताना तळ्याच्या वळणावर
गाडी थांबवली, काच खाली केली.
पठारावर कुणी नव्हतं, पिवळं गवत आणि वारा.
शब्द किती लांब जातो बघावं म्हणून
एकदा ओरडले.
पस्तीस पावलं नक्की गेला असेल,
वारा पाठीशी असला तर चाळीस.

मागच्या सीटवर टिसॉन बसला.
पूर्ण.